वरवटच्या चौदा घरांना वॉर्म व्हाइट

२४ ऑगस्ट, रविवार
महालक्ष्म्यांना आठवडा उरला. निर्णय पक्का. आरासीत मांडायच्या पुठ्ठ्याच्या गावातल्या चौदाही घरांचे जुने बल्ब काढून एलईडी बसवणार. वॉर्म व्हाइट. दीड तासाचं काम.

हे गाव म्हणजे माझ्या बायकोचं, रुखमाचं माहेर, वरवट बकाल. लग्नानंतर एकेक करत तिनेच ही घरं केली. मागच्या वर्षी माझ्या बल्बमुळे तिच्या भावाच्या, इंद्रभानच्या घराचं छप्पर थोडं करपलं. थोडंच.

रुखमा म्हणाली, "भावाचं घर जाळलं, आता सारं माहेर जाळसान काय? गजेंद्रले बोलवा." गजेंद्र चौकातला इलेक्ट्रिशियन. माझाच विद्यार्थी. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. शेवटी तडजोड झाली: यंदा शेवटचा चान्स मला, फसलं तर गाव कायमचं गजेंद्रकडे. फसायचा प्रश्नच नाही.

२६ ऑगस्ट
गजेंद्रच्याच दुकानातून माल आणला. म्हणतो, "सर, लाल वायर प्लसले, काळी मायनसले. उलटी लागली तं पेटत नाही."
हसलो. बल्बला कसलं उलटंसुलटं? या पोराचा पाया कच्चा राहिला. आठवीला कोण होतं यांना, कोण जाणे.

२८ ऑगस्ट, दुपारी
जोडणी पूर्ण. सहा घरं पेटली, आठ नाहीत. व्होल्टेज.

२९ ऑगस्ट
एका बंद घराची वायर चुकून उलटी लागली आणि ते पेटलं! शोध लागला. हा माल उलटाच जोडायचा असतो. लगेच बाकीची सगळी घरं उलटी करायला घेतली.

३० ऑगस्ट
आठ पेटली, सहा बंद. म्हणजे प्रगती आहे. पेटणारी सहाच नेमकी विझली, हे मात्र चमत्कारिक.

३१ ऑगस्ट, रविवार
महालक्ष्म्या आल्या. गाव अंधारात ठेवलं. रुखमाला सांगितलं, सरप्राइज. तिने काळजीने पाहिलं. मी पाहिलं नाही.

१ सप्टेंबर, जेवणाचा दिवस
पहाटे पुन्हा सगळी उलटी केली. सहा. घाईने परत आठवर आणली. इंद्रभान आला होता.

नैवेद्य दाखवला, पडदा ओढला. महालक्ष्म्या जेवताना कोणी बघायचं नसतं, म्हणून सगळे बाहेर. आत जाऊन एक वायर हलवायला मिळाली असती तर! इतक्या सावकाश त्या कधी जेवल्या नव्हत्या.

पडदा उघडला. आठच. इंद्रभान वाकून म्हणाला, "काहो भाऊजी, माह्याच घरची लाइन कापली काय?" सगळे हसले. रुखमा हसली नाही. कोपऱ्यातल्या अंधाऱ्या घराकडे बघत होती. ते तिच्या आईचं.
तसा आठ हा बहुमताचा आकडा आहे.

२ सप्टेंबर, विसर्जन
संध्याकाळी गजेंद्र प्रसादाला आला. रुखमानेच बोलावलं होतं. बसल्या बसल्या त्याने सहा घरांच्या वायरी बदलल्या. फक्त सहा. चहा गार व्हायच्या आत सारं गाव उजळलं.

रुखमा जमिनीवर बसली आणि आईच्या घराच्या खिडकीत किती तरी वेळ बघत राहिली. मग पदराने डोळे टिपले. मला फार बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं.

मी म्हणालो, शेवटी विद्यार्थी कोणाचा!

गजेंद्र म्हणाला, "हाव ना सर. आठवीत तुम्हीच होते आम्हाले. हेच प्लस-मायनस चुकलं म्हून बाकावर उभं केलं होतं मले."

रुखमाने वळून माझ्याकडे पाहिलं.

मी खुर्चीत होतो. उठून उभा राहिलो.