मिळवलेला एक

दि. ९ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? मी मजेत.

बाबा शनिवारी ऑफिसचा कॅल्क्युलेटर घरी आणायचे, आठवतं? आपण नवाला नवाने गुणत सुटायचो आणि त्याच्या खिडकीत एररचा ‘ई’ उमटला की तू म्हणायचीस, "गेला वाटतं." एकदा तर घाबरून उशीखाली दडवून बसलो. बाबांनी एक बटण दाबलं आणि तो पुन्हा जिवंत.

जानेवारीत तोच खेळ कॉम्प्युटरवर खेळले. एकटी नाही. खालच्या मजल्यावर एक नकाशे काढणारे राहतात, रिटायर झालेत, पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. माझा नळ दुरुस्त करून दिला म्हटलं होतं, तेच. संध्याकाळी चहाला येतात. गणित शिकवण्यात माझा जन्म गेला, तरी फसले बघ. भलीमोठी संख्या घेतली, एक मिळवला, पडद्यावर तीच संख्या. पुन्हा मिळवला, पुन्हा तीच. मी चिडून दुरुस्तीवाल्याला फोन लावायला निघाले. ते हसायला लागले. म्हणाले, बाई, त्याच्याकडे जागा ठरलेली असते, ती भरली की शेवटचा एक त्याला ठेवता येत नाही. मग नकाशाच्या कागदाची गुंडाळी जमिनीवर पसरून आम्ही तीच बेरीज हाताने केली. कागद पार दारापर्यंत गेला. टोकाला तो एक अगदी स्पष्ट होता.

भिंतीला धरून उठता उठता ते म्हणाले, "रोज जिना चढण्यापेक्षा एकाच घरात बसून भांडू या का?"

मी कप विसळायला गेले. विसळलेलेच पुन्हा विसळले. मग बाहेर येऊन "बरं" म्हटलं.

झालं एकदाचं लिहून. तुझ्या शेजारच्या काकांनी उतारवयात लग्न केलं तेव्हा तू फोनवर म्हातारचळ म्हणालीस आणि मी घाईने विषय बदलला. बाकी कोणी काहीही म्हणो, तुझ्या तोंडून तो शब्द मला सोसणार नाही. फार सुखात आहे गं मी.

माझ्या खोल्या महिनाअखेर सोडते. शिलाई मशीन तुझ्या लेकीला. तेल घालून ठेवलंय, पट्टा तेवढा नवा घाल म्हणावं. पुस्तकं शाळेतल्या सिस्टरना. कपाट वॉचमनला, तो कधीचा डोळा ठेवून आहे. आईची शाल तुझी, पण ती मी कोणाबरोबर पाठवणार नाही. येत्या बुधवारी अकरा वाजता रजिस्ट्रारकडे सह्या आहेत. माझ्या बाजूच्या साक्षीदाराचं नाव अजून दिलेलं नाही. शाल तिथेच घेऊन येते.

तुझीच,
धाकटी