शिडीवर मयत झालेल्या इसमाची मालमत्ता

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी, समोरच्या घराच्या बैठकीत, शिडीच्या वरच्या पायरीवर, दातांत टेस्टर आणि हातात पंख्याच्या तारा असताना मी खाली पाहिलं आणि त्याच क्षणी माझ्यातला एक इसम मयत झाला.

सबब मी, खाली सही करणारा, वय तेवीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं अर्धं तिसरं वर्ष, धंदा वडिलांच्या दुकानात जळालेले पंखे व मोटारी नव्या तारेने रिवाइंड करणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि भयंकर संतापात हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. कायद्याला शुद्ध डोकं लागतं. थंड डोकं लागतं असं मी कुठे वाचलेलं नाही.

आईने धसका घेऊ नये. मी धडधाकट आहे, नाश्ता केलाय, आणि थोड्या वेळाने गाडी पकडून नोकरीवर चाललोय. मेला तो दुसरा. खिडकीशी बसून समोरच्या गॅलरीकडे बघत 'आज बोलू, उद्या बोलू' करणारा. त्याचं सामान इथे पडून राहिलं तर तो मेला परत येईल, म्हणून ही वाटणी.

कलम १. दुकानावरची ही खोली धाकट्या बहिणीला. अट एकच. ताबा मिळताच टेबल फिरवायचं, पाठ खिडकीकडे. ह्या खिडकीने माझी दोन वर्षं गिळली आणि ढेकरसुद्धा दिला नाही.

कलम २. कॉलेजची पुस्तकंही तिलाच. बाबांची पाठ धरली म्हणून मी कॉलेज सोडून आलो, असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं. बाबांची पाठ पंधरवड्यात सुटली, मी सुटलो नाही. समोरची 'ती' तेव्हा कॉलेज संपवून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात लागली होती, आणि तिच्याशिवाय कॉलेजच्या गावात माझं वर्गात चित्त लागेना. बहिणीने पुस्तकं पुरी करावीत आणि कुठल्याही मूर्खासाठी मधे बंद करू नयेत.

कलम ३. सायकल आईला. औषधांच्या दुकानावरून 'सहज' चकरा मारून तिची चेन सैल झाली आहे, ती मी काल घट्ट केली. आई, 'मला सायकल शिकायची होती' हे तू मी लहान असल्यापासून ऐकवतेस. आता 'वय झालं' म्हणालीस तर फोनवर भांडेन.

कलम ४. हत्यारं. वाइंडिंगचं मशीन, पकडी, मल्टिमीटर सगळं बाबांचंच आहे, मी काय देणार! पण इथे हकीकत सांगणं भाग आहे.

आमच्या दुकानाचा नियम असा: रिवाइंड केलेला पंखा पाती न लावता आधी टेबलावर फिरवायचा. त्याच्या अंगावर खडूची एक रेघ मारायची आणि रेघ कोणीकडे पळते ते बघायचं. एक तार चुकीच्या जागी जोडली की पंखा उलटा फिरतो आणि वारा छताला जातो. बाबांनी खडू न लावता एकही पंखा उंबऱ्याबाहेर सोडलेला नाही.

गुरुवारी ती पंखा घेऊन आली. "उद्यापर्यंत होईल ना? पाहुणे येणार आहेत." मला वाटलं पाहुणे म्हणजे पाहुणे. गाढवाला गुळाची चव काय! जायच्या ऐवजी ती काउंटरशी घुटमळली.

"तुला एक विचारायचं होतं."

"विचार की."

"आधी वर तरी बघशील?"

"एवढं जोडून होऊ दे, मग बघतो."

"राहू दे. तू पंखाच कर." गेली. ती रस्ता ओलांडेपर्यंत मी बघत राहिलो, तार कुठे जोडली त्याचं भान नव्हतं. खडू समोर पडला होता. मी लावला नाही. वर शहाणपणा करून शुक्रवारी सकाळी पंखा टांगूनही आलो, पैसे न घेता. किल्ली शेजारून घेतली, घरात कोणी नव्हतं, बटण दाबलं, फिरला, वारा कुठे जातोय ते न बघताच खूश होऊन निघालो.

संध्याकाळी ती गॅलरीतून ओरडली, "अरे, तुझा पंखा वारा वर नेतोय! माणसं घामाने निथळतायत!" मी शिडी घेऊन धावलो. वर चढलो आणि खाली पाहिलं. ती बसली होती, शेजारी नवा कोरा शर्ट घातलेला एकजण. त्याचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर, आणि ती जराही सरकत नव्हती.

त्याचे काका वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाले, "काय हो कारागीर, छताला उकडत होतं का?" सगळे हसले. तीही हसली. "पोरगं हुशार दिसतंय," काका पुढे म्हणाले. "शिकायला हवं होतं."

"शिकत होता," ती म्हणाली. "सोडलं त्याने."

कोणासाठी सोडलं ते सांगावंसं वाटलं. तोंडात टेस्टर होता. नसता तरी मी बोललो नसतो, हे आज शपथेवर लिहितो. तार बदलली, पंखा सुलटा झाला, माझ्याच हाताचा वारा त्या दोघांना लागला.

जिन्यात ती मागून आली. "दोन वर्षं वाट बघितली रे. काल शेवटचं विचारायला आले होते."

"मग आत्ता विचार!"

"आत्ता मी त्याला हो म्हटलंय. आणि मला तो आवडतो. उगाच डोळे वटारू नकोस."

कलम ५. तिला: काहीही नाही. [खोडलं.] तिला: पंख्याची एक वर्षाची हमी. दुकान पाळेल. तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण तो माझा आहे आणि मीच नेतोय.

कलम ६. त्या काकांना त्यांच्याच हातातलं वर्तमानपत्र, तहहयात, वीज जाईल तेव्हा वारा घ्यायला.

कलम ७. ढब्बूला, म्हणजे कॉलेजातल्या माझ्या खोलीसोबत्याला, माझी माफी. तो डोंगरावर पवनचक्क्यांच्या दुरुस्तीच्या टोळीत आहे. ये म्हणून त्याने दोनदा बोलावलं. पहिल्यांदा तिला ताप होता, दुसऱ्यांदा तिचा वाढदिवस. दोन्ही वेळा तिच्या घरी मला कोणी बोलावलं नव्हतं. शनिवारी तिसरा फोन आला.

"सोमवारी दुपारी पवनचक्क्यांच्या फाटकाशी दिसला नाहीस तर जागा दुसऱ्याला. मी आता साहेबाच्या पाया पडणार नाही."

"मला फक्त पंखे येतात, ढब्ब्या. तेही उलटे."

"मग तुझ्यासारखाच माणूस हवाय! इथे सगळं उलटंच. वारा घ्यायचा, वीज द्यायची. फुकट हवा घालत बसायचं नाही कोणाला."

मी हसलो. शुक्रवारनंतर पहिल्यांदा. हो म्हणालो.

कलम ८. काल बाबांशी झालेलं भांडण कोणालाही देत नाही, कारण ते अर्धवट आहे. ते म्हणाले, "कॉलेज सोडलंस, आता दुकान सोडतोस, उद्या डोंगर सोडशील. धरसोड्या कुठला!"

"धरून ठेवलं म्हणूनच सडलो इथे!"

"उंचावर चढणार म्हणे. समोरच्या घरात शिडीवर अब्रू घालवून आलास."

"घालवली. पण पंखा सुलटा करून मगच उतरलो ना?"

ते शटर ओढायला उठले, भांडण तिथेच राहिलं. बाबा, हत्यारं तुमची तुम्हाला. खडूचा एक तुकडा तेवढा मी खिशात घातलाय. चोरी समजायची तर समजा.

ह्यापुढे मयत इसमाच्या नावाने कोणी हळहळू नये, आणि 'तेव्हाच बोलला असतास तर' हे वाक्य ह्या घरात कोणी उच्चारू नये. मीही नाही. ते त्याच्याबरोबर गेलं.

ठिकाण: दुकानावरची खोली. वार सोमवार, गाडीच्या थोडं आधी.

सही: मुलगा, रिवाइंडिंगवाल्याचा, दुपारपासून पवनचक्कीवाला.

साक्षीदार पहिला: शेजारचा किल्लीवाला. सगळं वाचलं. सायकल मला मिळेल वाटलं होतं. सही.

साक्षीदार दुसरा: बाप. सही केली म्हणजे मान्य केलं असं समजू नये. खडूची चोरी नाही, त्याने न्यावा म्हणून मीच तो टेबलावर ठेवला होता. माझ्यासमक्ष मुलाने पिशवी उचलली, आईच्या पाया पडला, माझ्याकडे न बघता बाहेर गेला आणि दार असं आपटलं की चौकटीचा रंग उडाला. मग दार पुन्हा उघडलं. मला वाटलं, राहतोय. तो खोलीतला पंखा बंद करायला आला होता. बटण बंद केलं, पाती थांबेपर्यंत वर बघत उभा राहिला, "येतो" म्हणाला, आणि ह्या वेळी दार हळू ओढून घेतलं.