अठ्ठेचाळीस पट मोठं बटण

ओलोमोउत्स, ९ नोव्हेंबर

प्रिय लेओश,

इतकी वर्षं एका ओळीनंही विचारपूस केली नाही, त्याबद्दल माफ कर. हे वाक्य लिहून मी थांबले. खरंच माफी मागावीशी वाटते का? नाही. पण 'प्रिय' लिहिल्यावर पुढे काहीतरी सभ्य लिहावं लागतं. आणि 'प्रिय' तरी कुठं खरं आहे? सवय आहे, राहू दे.

तू ऐकलं असशीलच, आमची मॉडेलची कंपनी जुन्या शिकाऊ जेटचं, डेल्फिनचं, जोडायचं प्लास्टिक किट काढते आहे, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याच्या मापात. गेली दोन वर्षं मी त्या विमानातच राहते म्हण ना. आपल्याकडच्या पोरांनी ज्यात बसून पहिल्यांदा जेट हाताळलं, ते सगळं संगणकाच्या पडद्यावर मी भागाभागानं उभं केलं: पुढची काच बाजूला उघडते, मागची मागे सरकते, आणि मागच्या खुर्चीवरून मास्तर पोराच्या डोक्यावरून समोर बघतो. सोमवारी फाइल साचेवाल्याकडे जाते. साच्याच्या पोलादात एकदा रेघ कापली की संपलं. आणि त्या फाइलमध्ये, धडाच्या डाव्या बाजूला शेपटीच्या थोडं अलीकडे, ते गोल झाकण असावं की नसावं यावरून महिनाभर माझं आणि मालकाचं, हिनेकचं, वाजतं आहे. मी झाकण काढलं. हिनेक म्हणाला, "घाल परत, नाहीतर तुझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल." कुठलं झाकण, ते तुला सांगायला नको.

तरी सांगते, कारण माझी आठवण खरी की नुसती सोयीची, हे मला कागदावर मांडून बघायचं आहे. आपलं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तू मॉडेलवाल्यांच्या मासिकासाठी डेल्फिनचा आराखडा काढत होतास, याच अठ्ठेचाळिसाव्या मापात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कारण घरात दुसरं टेबलच नव्हतं. मी आलुबुखारे भरून उंड्या उकडत होते आणि तू कागदावर पिठाचा कण पडला तरी ओरडत होतास. लोक तुझे आराखडे चोरून आपल्या नावानं छापायचे, म्हणून तू म्हणालास, "यात एक खोटी गोष्ट घालू या. ज्याच्याकडे ती सापडेल, तो चोर." माझ्या बाहीचं बटण तुटून टेबलावर पडलं होतं. ते तू कागदावर ठेवलंस, भोवती पेन्सिल फिरवलीस आणि चार स्क्रू काढलेस. "हे तुझं दार," असं म्हणालास. मी हसले. मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं. त्याची आता लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं.

चोर भेटले, भरपूर भेटले. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी आजही हसले असते. पण गेल्या वर्षी त्या विमानप्रेमी मंडळानं स्वतःजवळचं डेल्फिन 'मूळ रूपात' आणलं. सेवेतून निघालं तेव्हापासून शेडमध्ये जपलेलं विमान, पत्रा न् पत्रा कारखान्यातला. आणि या दाढीवाल्या विद्वानांनी काय करावं? आराखड्यात झाकण आहे आणि विमानात नाही, असं दिसल्यावर त्यांनी समोरच्या धातूवर विश्वास ठेवला नाही, कागदावर ठेवला. लष्करानं मागाहून झाकण बुजवलं असणार, असं आपसात ठरवून त्यांनी धडधाकट पत्रा कापला. माझ्या बाहीचं बटण अठ्ठेचाळीस पट फुगून आता त्या विमानाच्या कुशीत बसलं आहे, चार स्क्रूंसकट. आत काय आहे म्हणशील? काही नाही. माणसाचं डोकं जाईल एवढं भोक आणि आत अंधार. लोक रांगेनं त्याचा फोटो काढतात. मग आमच्या कंपनीनं तेच विमान लेझरनं मोजून घेतलं, आणि हिनेक मला म्हणाला, "बाई, यंत्र खोटं बोलत नाही."

यंत्र खोटं बोललं नाहीच. बोललास तू. वसंतातल्या अंकातला तुझा लेख मी तीनदा वाचला. 'काहींनी शंका घेतलेल्या झाकणाचं अस्तित्व अखेर सिद्ध झालं', इथपर्यंत मी सोडून दिलं असतं. पण 'उमेदवारीच्या काळात त्याच झाकणातून मी स्वतः हात आत घातला होता'? लेओश, कुठं घातलास हात? माझ्या बाहीत? तू एक शब्द बोलला असतास तर पुढच्या पिढ्यांचा मूर्खपणा वाचला असता. पण तुला टाळ्या हव्या होत्या. चोराला पकडायला लावलेला सापळा, आणि त्यात शेवटी तूच आरामात बसून चहा पितो आहेस. हिनेकनं तो लेख माझ्या टेबलावर आपटला. "हाव्लेना स्वतः सांगतो आहे. तू कोण?" मी त्याची घटस्फोटित बायको, असं म्हणायचं होतं. त्यानं तडजोडही सुचवली. झाकणाची रेघ असली की ज्याला नको तो पुट्टी भरून बुजवेल, नसली की कोरायला कठीण, तेव्हा असू दे. या तर्कानं विमानाला शिंगंही लावता येतील.

एवढी चिडले की मलाच माझा संशय आला. मी झाकणावर चिडले आहे की तुझ्यावर? तू खरंच कुठंतरी असं झाकण पाहिलं असशील आणि बटण हा नुसता योगायोग असेल तर? म्हणून रविवारी हाना नदीकाठच्या एका गावी गेले. तिथं पबच्या मागच्या अंगणात एक डेल्फिन पडलं आहे, कुणी दुरुस्त केलेलं नाही, त्यामुळे कुणी बिघडवलेलंही नाही. मी डोळे मिटून डाव्या अंगाला बोटं फिरवली. रिव्हेटांची ओळ सरळ, कुठं तुटली नाही, वळली नाही. मालकीण झ्देना लसणाच्या सुपाचं पातेलं घेऊन दारात उभी होती. "काय हो बाई, केव्हाची त्याच्या ढुंगणावर हात फिरवताय. विकत घ्यायचंय की लग्न लावायचंय?" मी म्हटलं, लग्न एकदा झालंय, त्याचंच निस्तरते आहे. ती म्हणाली, "मग आत या, सूप गरम आहे. आमच्या ह्यांनाही असंच हात लावून तपासायला हवं होतं आधी."

पण एका विमानानं काय सिद्ध होतं? 'ते वेगळ्या तुकडीतलं असेल,' हिनेकचं उत्तर मला पाठ होतं. म्हणून घरी येऊन शिवणाचा डबा उपसला. त्या ब्लाउजचं एक जादा बटण अजून होतं. आज सकाळी ते ऑफिसला नेलं, लेझरच्या मापावरून किटच्या आकारात छापलेला धडाचा नमुना हिनेकसमोर ठेवला, स्वयंपाकघरातली ती गोष्ट सांगितली आणि त्या झाकणावर बटण ठेवलं. कडेला कड बसली, केसाइतकीही फट नाही. हिनेक सँडविच खात होता, चावायचा थांबला. त्यानं बटणाकडे पाहिलं, मग माझ्या बाहीकडे. "काढ ते झाकण," तो म्हणाला. "पण किटच्या पेटीवर रचनाकार म्हणून तुझं नाव ठळक छापतो. शिव्या घालायच्या त्या लोकांनी तुला घालाव्यात, मला नाही." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं नाव पेटीवर येणार, ते असं.

संध्याकाळी पेटीचा नमुना आला. 'रचना: ब्लांका हाव्लेनोवा.' घटस्फोटानंतर कागदपत्रं बदलायचा कंटाळा केला, म्हणून तुझं आडनाव, बायकी शेपूट लावून, अजून माझ्याबरोबर फिरतं आहे. ते तसंच राहू दिलं तर काय होईल, हे मला लगेच दिसलं. हाव्लेनाचं झाकण हाव्लेनाच्याच बायकोनं पुसलं. लोक एका दिवसात दोन आणि दोन जोडतील, तुझ्या दारात येऊन उभे राहतील, आणि मला तोंडही उघडावं लागणार नाही. कबूल करते, तासभर मी ते चित्र चवीनं पाहिलं. मग वाटलं, दोन वर्षं मी ज्या विमानातून खोटं उपसते आहे, त्याच्या पेटीवर ते आडनाव कशाला? ही दया आहे असं समजू नकोस; दया असती तर मी हे तुला कळवलंही नसतं. कुणी मला सरळ विचारलं तर मी खरं सांगणार आहे. तुला विचारतील तेव्हा काय सांगायचं ते तुझं तू बघ. ते दार तू माझ्या नावानं काढलं होतंस, म्हणून बंद करण्याआधी तुला सांगावं, एवढ्यासाठी हे पत्र. बटण पाकिटात घातलं आहे. 'तुझीच' लिहायची रीत आहे, ती आज मोडते.

ब्लांका

(स्वतःसाठी टिपण) उद्या: पेटी छापणाऱ्याला फोन करणे, आडनाव 'हाव्लेनोवा' नको, वडिलांचं 'कोसिनोवा' घाला.