जर्मनच्या वर्गातलं गाऱ्हाणं

ती. बाबांस,
तोंडवलीच्या तुमच्या चेडवाचा जर्मनीतून नमस्कार.

मी मजेत आहे, पोटभर जेवते. सकाळी इस्पितळात नर्सचं काम, दुपारी जर्मन व्याकरण. शाळेत इंग्रजी व्याकरणाने रडवलं होतं, ते आता सोपं वाटतं! इथे मुलीला 'ते' म्हणतात. सगळा वर्ग हसला, मी नाही. आपल्या मालवणीतलं चेडूही 'ते'च ना?

सोमवारी बाईंनी उभं करून दहा वाक्यं बोलायला सांगितली. माझी बोबडीच वळली. मग डोळे मिटले आणि तुम्ही देवाला साकडं घालता ते गाऱ्हाणं जर्मनमधून घातलं. 'बा देवा म्हाराजा, ह्या पोरांका परीक्षेत पास कर रे म्हाराजा, बाईंचे दुखते गुडघे बरे कर रे म्हाराजा!' दर वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं हे वर्गाला शिकवलं. बाई सगळ्यात मोठ्याने ओरडत होत्या.

परीक्षा वीस तारखेला आहे. दुसरी खेप, म्हणून थोडी धाकधूक.

बाबा, आई गेल्यापासून तुम्ही देवापुढे एकटेच गाऱ्हाणं घालता. मागून 'होय म्हाराजा' कोण म्हणतं? माझ्या परीक्षेच्या सकाळी आधी मला फोन लावा, मगच सुरू करा. मी म्हणेन.

तुमचंच चेडू,
किशोरी