बोटीला फासलेलं बोंबलाचं तेल

निल्या,

बोटीला चकाकी यावी म्हणून तू बोंबील तळलेलं तेल फासलंस? शी. उन्हात असा वास सुटला की धक्क्यावरची मांजरं बोट चाटत बसली होती. चिकटलेली कावळ्याची पिसं मी नखांनी काढली. शिसारी आली मला.

बोटीचं फिकं पडलेलं फायबर आधी साबणाने धुवायचं, मग पॉलिशच्या कंपाऊंड पेस्टने घासायचं, शेवटी मेण लावायचं. बाबा दरवर्षी तुझ्यासमोरच करायचे.

नाक दाबून एक गिऱ्हाईक आलं होतं. बोट विकायला काढलीस, हे मला त्याच्याकडून कळलं.

पुढची बाजू घासून झालीय, बाबांचं नाव लख्ख दिसतंय. विकायचीच असेल तर ते तुझ्या हाताने खरवड. मागची बाजू घासायला मी परत चाललेय.

जेवण झाकून ठेवलंय. आधी हात धू.

– अंबूताई