तुझ्या झाडाखालचा शिंपी

प्रिय ठमे,

तुझी कादंबरी पानगळीच्या आधीच पोचली. अर्धा दिवस दुकान बंद ठेवून वाचली. एक गिऱ्हाईक शटर वाजवून गेलं, त्याची पँट अजून लांबच आहे. पुस्तकातला शिंपी म्हणजे मीच, हे सांगायला ज्योतिषी नको. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा दुसरा कोण? तुझ्या आईचं जाणंही तू जसं घडलं तसंच लिहिलंयस. तिथे मला थांबावं लागलं.

पुढचं मात्र कळलं नाही, म्हणून विचारतो. खिडकीबाहेरचं झाड पानं सोडतं, ते पाहून शिंपी बायकोचे कपडे देऊन टाकतो. मग पालवी फुटते आणि त्याचं मन निवतं. कसं काय? शेजारच्या मास्तरांना विचारलं. पानगळ म्हणजे मोह सुटणं, पालवी म्हणजे आत्म्याची वाढ, प्रतीक असतं ते, असं म्हणाले. मग आमच्या झाडावर माव्याची कीड पडलीय, ती कशाचं प्रतीक, असं विचारल्यावर चहा अर्धा टाकून उठले.

हसू नकोस, पण मी करून पाहिलं. दुकानासमोरच्या झाडाची पानं गळू लागली तशी आईचे कपडे गाठोड्यात बांधले आणि गरजूंना वाटणाऱ्या एका बाईंकडे देऊन आलो. मशीनवर बसलो तर सुईत दोरा जाईना. तडक परत गेलो, शिलाई कच्ची राहिलीय अशी थाप मारली आणि गाठोडं घेऊन आलो. मी शिवलेल्या कपड्यांची शिलाई कच्ची! स्वतःच्याच धंद्याला बट्टा लावला बघ.

तुझं खोटं म्हणत नाही. पान गळतं तिथे नव्या पालवीचा डोळा आधीच धरलेला असतो असं तू लिहिलंयस, ते खरंच आहे, बोट लावून पाहिलं मी. तुला कुठून कळलं हे? आता पालवीही आलीय. रोज खुर्ची टाकून बघत बसतो. झाडाचं उत्तम चाललंय, माझं काही झालं नाही.

शेवटी तो शिंपी दूरच्या मुलीला कळवतो, मी शांत आहे, तू यायची गरज नाही. आई गेल्यापासून तू आली नाहीस. वाटलं, कामात असशील. आता कळलं, तू मला पुस्तकात बरं करून ठेवलंस, म्हणजे यायला नको. पोरी, तो बरा झाला असेल, मी नाही झालो. घर खायला उठतं. तुला इथे यायची भीती वाटते ना? मलाही रोज संध्याकाळी कुलूप काढताना वाटते. एकदा दोघं मिळून काढू. तू ये.

तुझाच,
बाबा