भोरचं बिऱ्हाड

१५ जून २०२५, संध्याकाळ

मला बघायला आले तेव्हा आमचे हे एकच वाक्य बोलले होते. "पुढंमागं भोरला बिऱ्हाड करू." बाकी सगळं त्यांचे चुलते बोलले. त्याला तेवीस वर्षं झाली. वाक्य मी विसरले नाही.

आज बिऱ्हाड केलं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत रत्ना मॅडमचा बंगला आहे, त्याच्या मागची खोली. एक खिडकी, एक मोरी. प्रांजलचं अकरावी सायन्सचं ॲडमिशन इथं झालं. पोरीच्या शिक्षणासाठी आलोय, माझं स्वतःचं काही नाही. भात कापून झालं की दिवाळीला म्हैस विकून हेही येणार. तसं मी त्यांना सांगितलंय. "बघू," म्हणाले. यांचं बघू म्हणजे होच असतं.

शहरात पाळायचे नियम : आवाज हळू. पहाटे चारला उठायचं नाही. रोज इव्हिनिंग वॉक.

१६ जून, पहाटे ४.१०

जाग आली. जाग येणं म्हणजे उठणं नव्हे.

४.२५. उठले.

२० जून

उठल्यावर करायचं काय? ना शेण, ना धार. रोज आपल्या दारापुढचं झाडते. दार एवढंसं, मग हात पुढे जातो. आज बंगल्याचं सगळं आवार झाडून झालं. रत्ना मॅडम गॅलरीतून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं बाई, किती स्वच्छ! महिन्याला काय घेशील?"

आधी लाज वाटली. नंतर विचार केला, गावात तेवीस वर्षं अंगण झाडलं, कुणी विचारलं का? शहरात कष्टाची कदर असते.

हो म्हणाले. तात्पुरतं.

२९ जून

वॉक सुरू केला. चालायची सवय चढाची, त्यामुळे भराभर चालते. दोन रिक्षावाल्यांनी विचारलं, "मावशी, एसटी चुकली का?" तिसऱ्याने तर सीट रिकामी करून दिली. लोक मदत करणारे आहेत. पण वॉकला उद्यापासून थोडी सुट्टी.

६ जुलै

यांचा फोन. लावणी सुरू झाली. मार्गासनीच्या वरच्या आमच्या वाडीत लावणी सावडीवर चालते, पाळ्या शेजारच्या ठकुबाई लावतात. ठकुबाईंच्या घरच्या दोन बाया आमच्या खाचरात उभ्या राहिल्या की आमच्या दोघींनी त्यांच्या खाचरात उभं राहायचं. यंदा आमच्याकडच्या दोघी म्हणजे मी आणि प्रांजल, आणि आम्ही इथं.

हे म्हणाले, "दोन-चार दिस ये की. ठकुबाईंच्या बाया येऊन गेल्या."

मी समजावलं. प्रांजलची युनिट टेस्ट आहे. मॅडमनी भांडीसुद्धा माझ्यावर सोपवलीत, विश्वास आहे. आणि यावर शहरात सोपा उपाय असतो. दोघींच्या मजुरीचे पैसे मोबाईलवरून पाठवले, वर शंभर चहाला. यांना म्हटलं, ठकुबाईंच्या हातात द्या. पाच मिनिटांचं काम. इतकी वर्षं आम्ही उगाच चिखलात उभे राहिलो.

९ जुलै

ठकुबाईंनी पैसे परत केले. खाचरात सगळ्यांसमोर यांना म्हणाल्या, "सोमनाथ, तुज्या बायकूला म्हणावं, माणसाला माणूस लागतं. पैका का चिखलात उभा ऱ्हातोय?" सगळ्या हसल्या म्हणे.

ठकुबाईंना ऑनलाईन व्यवहार कळत नाहीत. वयाचा प्रश्न आहे.

मी यांना विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? "काय म्हणणार?" म्हणाले, आणि फोन ठेवला.

१८ जुलै

प्रांजल शनिवारी वाडीला गेली ती आज आली. टेस्ट बुडवली. रोज ठकुबाईंच्या खाचरात उभी होती. हाताची नखं काळी झालीत आणि तोंडावर एवढा आनंद, की रागवायचं राहून गेलं.

तिने फोटो दाखवला. बायांची ओळ. मध्ये प्रांजल, तिच्या शेजारी हे. आमच्याकडे पुरुष चिखलणी करतात, लावणीला कधी वाकत नाहीत. यांनी माझा निळा प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेतलाय, त्याची गाठ मी मारलेली, तशीच आहे. रोपं वाकडी लावली आहेत. बोटांनी फोटो मोठा करून पाहिला, तोंड काही दिसलं नाही.

एकूण फोटो चांगला आलाय.

१४ ऑगस्ट

प्रांजल म्हणते, नसरापूरच्या कॉलेजला बदली मिळतेय. सगळ्या मैत्रिणी तिथे. घरून एकच एसटी. मी म्हटलं, आपण इथं आलो कुणासाठी? तर म्हणाली, "मम्मी, भोरला तुला यायचं होतं. माझं नुस्तं नाव."

वय तसं आहे. उलट बोलायचंच.

मी हो म्हटलं. हवापालट झाली की येईल परत. तिची पांघरुणं ठेवून घेणार होते, पण तिला थंडी लागते. दिली.

२ ऑक्टोबर, दसरा

एकटीला खोली प्रशस्त वाटते. फायदे : आवाज आपोआप हळू राहतो. मॅडमच्या घरचा स्वयंपाकही आता माझ्याकडे, त्यामुळे वेळ जातो. स्टँडसमोरच्या दुकानात एक लोखंडी कॉट बघून ठेवली, दोघांना पुरेल.

यांना फोन केला. म्हटलं, दिवाळीचं पक्कं ना? म्हणाले, "लावणीला तुमच्या वाटणीचं म्या आन् पोरीनं केलं, तरी सगळं फिटलं न्हाई. कापणीला ठकुबाईंच्यात, गेनूच्यात, सोनबाच्यात, समद्यांच्यात मलाच उभं ऱ्हायाचंय. दिवाळीला कुठं व्हतंय?"

म्हणजे संक्रांत. हवा चांगली असते तेव्हा.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

हे आले! न सांगता, साडेअकराच्या एसटीने. पिशवीत नवे तांदूळ, खरवसाचा डबा. डाव्या हाताला विळा लागलाय, फडकं बांधलेलं. कॉटच्या कडेला बसले (कॉट मी घेतली). खिडकीतून भिंत दिसते, ती बघत राहिले. म्हणाले, "हितं सकाळच्याला माणसं काय करत्यात?" मी म्हटलं, कामं. "कुणाची?" म्हणाले. बोलणं बरं झालं.

जेवायला वाढत होते तेवढ्यात मॅडमनी गॅलरीतून विचारलं, "सुलक्षणा, कोण आलंय गं?" मी म्हटलं, "गावाकडचे आहेत."

हे खोटं नाही. गावाकडचेच आहेत.

यांनी घास खाली ठेवला नाही, पूर्ण जेवले. ताट मोरीत नेऊन ठेवलं. सांजच्या धारेला पोचायचं म्हणून दीडच्याच एसटीने गेले. स्टँडवर मी सोबत गेले, पण ते चार पावलं पुढे चालत होते. यांना भराभर चालायची सवय आहे.

२६ ऑक्टोबर

यांचा फोन लागत नाही. वाडीत रेंजचा प्रॉब्लेम कायमचाच.

२८ ऑक्टोबर

प्रांजलचा फोन लागला, त्याच वाडीतून. म्हणाली, "पप्पा म्हंत्यात, मम्मीला हिकडं यायचा आग्रह करू नका, तिचं तिथं बरं चाललंय."

समजूतदार माणूस आहे.

मॅडमकडे आज तीन पाहुणे. पोळ्या करपल्या.

९ नोव्हेंबर, रात्री आठ

मॅडमना सुट्टी सांगून पहिल्या गाडीने वाडीला गेले. विळा पदराखाली. आज कापणी आमच्याच खाचरात होती. ओळ लागलेली. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि ठकुबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

ठकुबाई हसल्या. अगदी प्रेमाने. मला वाटलं, ओरडतील. त्या म्हणाल्या, "अगं, तू पाव्हणी. कशाला हात खराब करतीस? बांधावर बस. चा येतोय." प्रांजलला सांगितलं, "आईला सावलीत पोतं टाक."

प्रांजलने पोतं टाकलं. चहा सगळ्यांच्या आधी मला मिळाला, बशीसकट.

हे ओळीच्या दुसऱ्या टोकाला. फडकं अजून हाताला. मान वर केली नाही. दुपारपर्यंत माझं सगळं खाचर माझ्यासमोर कापून झालं. मी दोन कप चहा प्यायले. चारच्या गाडीला मला पोचवायला प्रांजल आली, पाहुण्यांना पोचवतात तशी. भाजी दिली.

आता खोलीत आहे. कॉट दोघांना पुरेल हे मी नीट बघूनच घेतलं होतं. झोपले की एका बाजूला कलते.

यांना मेसेज लिहिला आहे. अजून पाठवला नाही. इथे उतरवून ठेवते :

"उद्या सोनबाच्या खाचरात तुमची पाळी आहे. तुमचा हात बरा नाही. तुमच्या जागी मी उभी राहते, एक दिवस. जेवण माझं मी आणेन, कुणाशी बोलणार नाही, संध्याकाळी परत जाईन. ठकुबाईंना एवढं विचारा. त्या नको म्हणतील. तुम्हीही नकोच म्हणाल. तरी विचारा."